शेततळें भरावें कशानें?

सन २०१६ मध्यें 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना निघाली. तेव्हांपासून हा शब्द धामणगाव बढे येथील मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. ३० मीटर लांबरुंद, ३ मीटर खोल व उतरत्या कडांच्या तळ्यांत सुमारें २२ लक्ष लिटर पाणी मावतें. तें यावें कोठून? आमच्या मतें पावसाच्या ओहळांतून. विहीर उपसून तें प्लास्टिकच्या कागदावर उघडें सांठविणें म्हणजे भूमीच्या पोटांतील ठेव वैशाखाच्या उन्हास पाजणें होय. शिवाय शेजारच्या विहिरीचा झराहि बहुधा तोच असतो! पालकांनीं तळें अवश्य खोदावें. मात्र ओहळ येईल अशा सखल जागीं, तोंडाशीं गाळ धरणारा खड्डा ठेवून. भोंवतीं कुंपण घालावें व आंत दोर सोडावा. मुलें पोहावयास उतरतात, आणि ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाहीं.