हुलग्याची शेंगोळी घरातच शिजावीत

यवत, चौफुला, वरवंड, पाटस असा पुणे-सोलापूर महामार्गाचा पट्टा धरला, तर थोड्या थोड्या अंतरावर एखादी पाटी ‘गावरान’ जेवणाची ग्वाही देते. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, मटण. या पाट्या वाचून कुणालाही वाटावं की इथलं जुनं जेवण जोमात आहे. मला तसं वाटत नाही. दौंड-शिरूरच्या जिरायत मातीनं जे जेवण घडवलं, ते विकत घेऊन टिकणारं नाही. त्यातले बरेचसे पदार्थच असे आहेत की खाणारी माणसं ताटावर येऊन बसलेली असतानाच ते नीट होतात. घरात ते रांधणं थांबलं की पाटीवर नाव राहतं आणि पदार्थ जातो. हुलग्याच्या शेंगोळ्यांचं तर पाटीवर नावही क्वचितच दिसतं, म्हणून त्यांची काळजी जास्त.

हुलगा, म्हणजे कोकणातला कुळीथ, हे हलक्या जमिनीचं आणि कमी पाण्याचं कडधान्य. जुन्या भीमथडीचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी आणि उरल्यासुरल्या माळाला हुलगा-मटकी, असा इथला संसार होता. पाऊस दगा देई तेव्हाही हुलगा थोडाफार हाती लागे. पुढे खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी दौंडपर्यंत आलं, वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावाखाली भिजणारं रान होतंच, आणि बघता बघता उसानं शिवार व्यापलं. पाटसला भीमा साखर कारखाना उभा राहिला, गावोगाव गुऱ्हाळं धुरावू लागली. उसानं या तालुक्याच्या हातात पैसा दिला. दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला त्या पैशाची किंमत ठाऊक आहे, आणि उसाला नावं ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला नाही. पण त्या फेरपालटात हुलगा बांधावरून गेला. जे रानात पिकत होतं ते दुकानातून आणावं लागलं आणि आणायच्या यादीत ते नेहमीच शेवटी राहिलं. चव विसरण्याआधी धान्य घरातून गेलं, हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे, कारण उपायही त्याच क्रमानं करावा लागेल.

आता हे पदार्थ घरातच का व्हावे लागतात ते पाहू. बाजरीचं पीठ दळून आणलं की त्यातलं तेल हवेनं लवकर खवट होतं आणि काही दिवसांत पीठ कडवटतं. गव्हाच्या पिठासारखी त्याची पिशवी महिनोन्‌महिने फळीवर ठेवता येत नाही. भाकरी चुलीवरची की गॅसवरची, याला पाट्यांवर जे महत्त्व मिळतं ते मला अवाजवी वाटतं. चव ताज्या पिठात आणि मळण्यात आहे. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून गरम पाणी घालून तळहाताच्या टाचेनं ते रगडावं लागतं. कंटाळा केला की थापताना कडा फाटतात आणि तव्यावर भाकरी फुगत नाही. शेंगोळ्यांचं गणित आणखी नाजूक. दोन वाट्या हुलग्याच्या पिठाला अर्धी वाटी ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ, कोथिंबीर घालून घट्ट गोळा मळायचा. पोळपाटावर करंगळीएवढ्या वळ्या वळून त्यांची कडी करायची. लसणाची फोडणी देऊन त्यात पाणी खळखळून उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. पाण्याची उकळी मोडली तर ती विरघळतात, म्हणून घाई करून सगळी एकदम टाकायची नसतात. शेवटी थोडं पीठ पाण्यात कालवून रश्श्याला लावलं की तो दाटतो. चुलीवरून उतरवल्यापासून हा रस्सा घट्ट होतच जातो. पंधरा-वीस मिनिटं हीच शेंगोळ्यांची खरी वेळ, आणि ती सकाळी भांडं भरून रात्रीपर्यंत वाढणाऱ्या स्वयंपाकघराला सांभाळता येत नाही. भाकरीचंही असंच झालं. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. हेतू चांगला होता. पुढे त्यासाठी दिलेल्या टपऱ्यांवर चहा आणि वडापाव विकला जाऊ लागला आणि योजना बंद पडली. अनुदान आणि जागांची भांडणं त्यामागे होतीच, पण वडा तळून ठेवता येतो, भाकरी ताजी थापावी लागते, हाही अडथळा होता असं मला वाटतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप बायकांच्या कष्टांचा आहे. ‘जुनं जेवण घरात आणा’ म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः पोळपाटाला हात न लावणारे असतात, आणि त्यांच्या हौसेचं ओझं घरातल्या सुनेवर पडतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहाटे जात्यावर दळायचं आणि धुरात डोळे लाल करून भाकरी थापायच्या, ते दिवस परत यावेत असं कुणीही म्हणू नये. पण जातं गिरणीनं नेलं आणि धूर गॅसनं नेला. जे उरलं ते वाटून घेण्यासारखं आहे. शेंगोळी हा तर मुळात चार हातांचा पदार्थ: एकानं पीठ मळायचं, बाकीच्यांनी वळायची. शाळेतल्या मुलाला जमतं ते त्याच्या बापाला जमणार नाही, असं समजायचं कारण नाही. शिवाय एका भांड्यात जेवण होतं. सोबत कांदा आणि वरून कच्च्या तेलाची धार असली की पुरे, भाकरी असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. भाजी, पोळी, वरण, भात असा चौरस स्वयंपाक रोज करणाऱ्या घराला शेंगोळ्यांची रात्र हलकीच जाईल.

दुसरा आक्षेप कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण तो आहे: हुलगा हे बैलांचं खाणं, अडचणीच्या दिवसांतलं खाणं. पाहुण्यांपुढे पनीरची भाजी येते, शेंगोळी येत नाहीत, ती या संकोचापायी. नांगराच्या बैलाला भरडलेला हुलगा देत ते त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, डाळींच्या बरोबरीनं. तो उष्ण मानला जातो, तर उन्हाळ्यात करू नका. पावसाची झड आणि थंडी याच त्याच्या वेळा आहेत. गरिबीच्या अन्नाची लाज ही काही आपलीच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्याची भाकरी, चवळी, पालेभाज्या या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या घरच्या जेवणाकडे असंच पाहिलं जाई. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन नावाच्या वस्तीत, जी मुक्त झालेल्या गुलामांनी वसवली होती, एडना लुईस वाढल्या. १९७६ साली त्यांनी आपल्या वस्तीचा स्वयंपाक ऋतूंच्या क्रमानं एका पुस्तकात लिहून काढला: कोणत्या हंगामात काय हाती येतं आणि त्याचं काय करायचं. आज त्या राज्यांच्या घरगुती स्वयंपाकाबद्दल कुणालाही बोलायचं झालं तर ते पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. दौंड-शिरूरच्या स्वयंपाकाचं असं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना हुलग्याचं माडगं, कढण, शेंगोळी हाताच्या अंदाजानं करता येतात, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, आणि त्यांचा तो अंदाज वाटी-चमच्याच्या मापात फारसा कुणी उतरवून घेतलेला नाही.

म्हणून वरवंड, पाटस, केडगाव, शिरूरच्या वाचकांना माझी विनंती साधी आहे. या पावसाळ्यात अर्धा किलो हुलगा आणा, निवडून, हलका भाजून गिरणीतून दळून आणा. घरातल्या किंवा शेजारच्या आजींना बोलवा, त्यांनी घेतलेलं पीठ वाटीनं मोजा, पाणी मोजा, आणि तारीख घालून वहीत लिहा. मळायला पुरुषांनी बसावं. शेतात बांधाकडेला चार ओळी हुलगा टाकता येत असेल तर तोही टाका. त्याला उसाइतकं पाणी लागत नाही.