हिवाळ्याला वर्गात घ्या!



दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा भरते आणि थंडीही हळूहळू पाय पसरू लागते. या दिवसांत तुमच्या गावातील प्राथमिक शाळेत एकदा डोकावून पाहा. डिसेंबरात क्रीडास्पर्धा, मग सहल, मग स्नेहसंमेलनाच्या तालमी. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. बुलडाणा जिल्ह्यातील मुलांना ही दुसरी जयंती विशेष जवळची, कारण सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव याच जिल्ह्यात आहे. त्यानंतर २६ जानेवारीची प्रभातफेरी. मध्येच कोठे तरी तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन. हिवाळा कसा भुर्रकन निघून जातो!

हे सारे उपक्रम चांगलेच आहेत. मुले नाचावीत, धावावीत, गाव सोडून चार ठिकाणे त्यांनी पाहावीत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हिवाळ्यातील या साऱ्या उपक्रमांत खुद्द हिवाळा कोठेच नसतो! तो शाळेच्या आवारात येऊन बसतो, गवतावर दव ठेवतो, बाटलीतील खोबरेल गोठवतो, अंगणातील सावल्या लांबवतो. आम्ही मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून वर्गात 'ऋतू व हवामान' हा पाठ वाचत असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना विज्ञान शिकवावयास हिवाळ्यासारखा दुसरा गुरुजी नाही. आकाश निरभ्र असते, ऊन सोसवते आणि रोज काही ना काही बदलत असते. प्रत्येक प्राथमिक शाळेने हिवाळ्याची एक नोंदवही ठेवावी आणि मुलांची शैक्षणिक प्रगती सांगताना ती वहीही पालकांपुढे ठेवावी. या कामी पुढाकार तुम्ही, म्हणजे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी, घ्यावयास हवा. कसा, ते आता पाहू या.

प्रथम सावलीचा प्रयोग घ्या. सपाट जागेवर एक मीटर उंचीची सरळ काठी उभी रोवा. ओळंब्याने ती सरळ आहे ना, हे तपासा. दर आठवड्याला एकदा तिची सर्वांत आखूड सावली मोजावयाची. ही सावली कधी पडते? तुम्ही म्हणाल, बारा वाजता. तेथेच पहिली गंमत आहे! आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात आणि बुलडाणा आहे सुमारे ७६.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे याप्रमाणे आपली दुपार सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा होते. शिवाय वर्षभरात ती काही मिनिटे मागे-पुढे सरकते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या सुरुवातीस ती बारा वाजून तेवीस मिनिटांच्या आसपास होते, तर संक्रांतीच्या सुमारास बारा वाजून चौतीस मिनिटांना. मुलांना हे आधी सांगू नका. सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी खडूची खूण करावयास सांगा. उत्तर त्यांना जमिनीवरच सापडेल.

आता लांबीचे पाहा. २२ डिसेंबरला आपल्याकडे एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ९६ सेंटिमीटर पडते. १४ जानेवारीला ती सुमारे ९० सेंटिमीटर होते, प्रजासत्ताक दिनी ८२, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी अवघी ५४! या आकड्यांत एक मोठा धडा दडलेला आहे. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, असे आपण घरोघर ऐकतो. पण काठी काय सांगते? सावली संक्रांतीपूर्वीच सहा सेंटिमीटरने आखडलेली असते. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळला तो २१ किंवा २२ डिसेंबरलाच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे संक्रांत दर सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकत गेली. तिळगूळ जरूर खावा. पण सूर्य केव्हा वळला, हे काठीला विचारावे.

याच काठीने दुसराही एक गैरसमज दूर होतो. थंडी का पडते, असे विचारले की बरीच मुले म्हणतात, 'सूर्य लांब जातो म्हणून.' वास्तविक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लाख किलोमीटर! मग थंडी का? लांब सावलीचा अर्थ असा की, किरण तिरपे पडतात. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून फक्त ४६ अंश वर येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने तेवढ्याच जमिनीला सुमारे ७२ टक्केच ऊन मिळते. त्यातून दिवसही सुमारे अकरा तासांचाच. पुस्तकातील 'तिरपे किरण' हे दोन शब्द अशा रीतीने सावलीच्या टोकाशी येऊन बसतात.

आता तापमानाकडे वळू. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण सगळेच बोलतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात, तीनशेहून अधिक मीटर खाली. साधारणपणे एक किलोमीटर वर गेले की तापमान साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने घाटावर दोन अंशांनी तरी अधिक थंडी असावयास हवी. दिवसा हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पण हिवाळ्याच्या शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खोऱ्यात उतरते. मग पहाटे अधिक गारठा कोठे असेल? डोंगरावर, की खोऱ्यात? घाटावरची एक शाळा व घाटाखालची एक शाळा यांनी महिनाभर एकाच वेळी तापमान नोंदवून ते एकमेकींस पोस्टकार्डाने वा फोनने कळवावे. बुलडाण्याच्या वेधशाळेचे किमान तापमान वर्तमानपत्रात येतेच, त्याच्याशीही ताडून पाहावे. बुलडाणा जिल्ह्यासारखी सोय किती जिल्ह्यांना आहे?

शाळेत तापमापक नाही? अडले नाही. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठू लागते. खोबरेल आणि तिळाचे तेल दोन छोट्या बाटल्यांत भरून खिडकीत ठेवा. 'आज गोठले', 'आज अर्धे', 'आज पातळ' एवढी नोंद पहिलीचे मूलही करू शकते. शेजारचे तिळाचे तेल मात्र पातळच का राहिले, हा प्रश्न चौथीच्या मुलांसाठी राखून ठेवा.

रसायनशास्त्राला तर काचेची एक नळीही लागत नाही. थंडीत हरभऱ्याच्या शेतावरून चालले की पाय खाजतात आणि बोट चाटले तर आंबट लागते. शेतकरी पहाटे पिकावर स्वच्छ फडके फिरवून ही 'आंब' गोळा करीत आले आहेत. तीत मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. जास्वंदाच्या लाल पाकळ्या पाण्यात कुस्करून कागदाच्या पट्ट्या रंगवा व वाळवा. आंबेत बुडविलेली पट्टी अधिक लाल होईल. कपडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडविलेली हिरवट होईल. हे आधी शाळेत करा, मग सहलीला लोणारला जा.

लोणारची सहल आपल्याकडील बहुतेक शाळा काढतात. मंदिरे पाहावयाची, डबे खावयाचे आणि परतावयाचे, एवढ्यावर ती संपते. पण जे सरोवर पाहावयास जगभरचे शास्त्रज्ञ येतात, ते आपल्या घरचे आहे! सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झाले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानीत. अलीकडच्या मापनाने ते पाच लाखांहून अधिक निघाले. विज्ञानात उत्तरे अशी सुधारत असतात, हेही मुलांना कळू द्या. सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. हिवाळ्यात तेथे पाहुणे पक्षीही येतात. तेव्हा सहलीला जाताना वही, पेन्सिल आणि जास्वंदाच्या चार पट्ट्या घ्या. मात्र हे अभयारण्य आहे. वन खात्याच्या परवानगीवाचून पाण्याजवळ जाऊ नये, काही उचलून आणू नये.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. हिवाळा हा कापूस वेचणीचाही काळ. या दिवसांत अनेक प्राथमिक शाळांतून काही जागा रिकाम्या दिसतात. मोठी माणसे शेतावर जातात, धाकट्या भावंडांना सांभाळावयास थोरली बहीण घरी राहते. काही मुले आईबरोबर वेचणीला जातात. शाळेच्या प्रगतिपत्रकात या मुलांपुढे 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते. त्यांचे परत येणे आपण अवघड करून ठेवतो, कारण वर्ग पुढे गेलेला असतो आणि आपल्याला काहीच येत नाही, असे त्या मुलाला वाटू लागते.

खरोखर त्याला काहीच येत नाही काय? कापूस सकाळच्या गारव्यात वेचला तर वाळलेला पाचोळा चुरगळून बोंडाला कमी चिकटतो, पण दवाने ओला झालेला कापूस वेचून ठेवला तर तो पिवळा पडतो, हे त्याला ठाऊक असते. हवेतील ओलावा कापूस शोषून घेतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो. मूठभर कापूस पहाटे तोलावा, तोच दुपारी उन्हात वाळवून तोलावा आणि फरकाची टक्केवारी काढावी. यात वजनमाप आहे, वजाबाकी आहे, शेकडेवारी आहे आणि घरच्या भाकरीचा प्रश्नही आहे. वेचणीवरून परतलेल्या मुलाला हा प्रयोग वर्गापुढे करावयास सांगा. 'गैरहजर' मूल त्या दिवशी वर्गाचे गुरुजी होईल!

मुलाला शेतावर धाडावे, असे मी सुचवीत नाही. शाळा हा त्याचा हक्क आहे आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. पण ते परत येईल तेव्हा त्याच्या पदरी असलेले ज्ञान शाळेने ओळखले, तर ते टिकून राहण्याचा संभव कितीतरी वाढेल.

कोणी म्हणेल, 'हे सारे ठीक, पण वाचन-लेखनाचे काय?' २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत मुलास समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले. ते योग्यच आहे. पण '९६ सेंटिमीटर' लिहिणे हे अंकज्ञानच आहे. 'आज धुई होती, तेल गोठले' हे लेखनच आहे. काल आणि आजच्या सावलीतील फरक काढणे ही वजाबाकीच आहे. या वहीला रोज दहा मिनिटे पुरतात.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातील शाळांतून प्रयोगाचे विज्ञान चालत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक पूर्व शाळांतून असे प्रयोगांवर आधारलेले शिक्षण सुरू झाले आणि पुढे ते अनेक जिल्ह्यांत पसरले. २००२ मध्ये सरकारी निर्णयाने ते थांबले. पण खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करून, नोंदी ठेवून विज्ञान शिकू शकतात, हे तीस वर्षे तेथे दिसत होते.

म्हणून, मित्रहो, माझी तुम्हांला विनंती आहे. हायस्कूलला जाता-येता गावातील प्राथमिक शाळेत जा. तेथील गुरुजींना, बाईंना भेटा. चार धाकटी मुले जमवा, एक काठी रोवा, एक वही शिवा. सूर्याकडे सरळ पाहू नये, ही ताकीद पहिल्याच पानावर लिहा. आणि शिक्षकांना माझे सांगणे असे की, स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचाशेजारी एका टेबलावर ही वही उघडी ठेवा. टाळ्या नाचाला मिळतील, त्या मिळू द्याव्यात. पण एखादी आई वहीवर वाकेल, आपल्या मुलीने काढलेले सावलीचे आकडे पाहील आणि विचारील, 'हे तू मोजलंस?' त्या मुलीची सहामाही प्रगती यापेक्षा चांगली कोणते पत्रक सांगणार?

या हिवाळ्यात तुमच्या गावात काठी रोवली जाईल ना?