‘उद्या पाऊस’ एवढ्याने भागत नाही

‘पालघर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट.’ मोबाइलवर हे वाचून तुम्ही मोखाड्यात नेमकं काय करता? बहुतेक जण आभाळाकडे बघतात आणि छत्री घेऊन निघतात. त्यात नवल नाही. याच जिल्ह्यात डहाणूचा किनारा आहे आणि सूर्यमाळचं पठारही. त्यात इशाऱ्यातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर पाव केंद्रांवर. ती कोणती, हे त्या शब्दातून कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. एका शहरात ही तऱ्हा!

म्हणून जव्हार-मोखाड्याच्या कॉलेजांतल्या पोरापोरींनी आपल्या गावाचा अंदाज स्वतः लिहायला शिकावं, असं मला वाटतं. हवामान खात्याशी भांडायला नव्हे. उपग्रह, रडार त्यांच्याकडेच आहेत, त्यांचा अंदाज समोर ठेवूनच लिहायचं. पण तुमच्या पाड्यावरचं आभाळ रोज बघणारे तुम्हीच.

लिहायचं कसं? ‘खोडाळा, उद्या सकाळी साडेआठपासून परवा साडेआठपर्यंत, १० मिलिमीटरहून जास्त, शक्यता ७० टक्के.’ साडेआठ अशासाठी की खातंही दिवसाचा पाऊस तेव्हाच मोजतं. वहीत पेनाने लिहा, मागाहून खाडाखोड नको. पर्जन्यमापक नसेल तर सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. आजोबा कावळ्याच्या घरट्यावरून सांगत असतील तर तेही लिहा. त्यांनाही तीच परीक्षा.

खरी गंमत गुण देण्यात आहे. १८८४ मध्ये अमेरिकेत फिन्ली नावाच्या लष्करी हवामानतज्ज्ञाने चक्रीवादळांचे, म्हणजे टोर्नाडोंचे, अंदाज दिले आणि ९६ टक्क्यांहून जास्त बरोबर आल्याचं जाहीर केलं. गिल्बर्ट नावाच्या गृहस्थाने दाखवून दिलं की रोज डोळे मिटून ‘टोर्नाडो नाही’ म्हटलं असतं तर ९८ टक्के मिळाले असते! मोखाड्यात जुलैभर रोज ‘उद्या पाऊस’ लिहिणाऱ्यालाही असेच भरघोस गुण मिळतील. त्यात हुशारी कसली? ‘आजच्यासारखंच उद्या’ म्हणणाऱ्यापेक्षा तुमचा अंदाज सरस ठरला, तर त्याला किंमत.

आणि सगळ्या चुका सारख्या नसतात. जूनमध्ये पहिली सर पडली की नागलीच्या पेरणीची घाई होते. मग पावसाने दडी मारली की रोपं करपतात, दुबार पेरणीचं बियाणं उसनं आणावं लागतं. ऑक्टोबरात तुम्ही ‘पाऊस येणार’ म्हणालात आणि आला नाही, तर कापणी एक दिवस लांबेल. ‘कोरडं’ म्हणालात आणि आला, तर कापून ठेवलेलं हळवं भात भिजेल. म्हणून नुसती टक्केवारी काढू नका. सांगितला आणि पडला, सांगितला पण नाही पडला, न सांगता पडला, सांगितला नाही आणि पडलाही नाही, असे चार रकाने ठेवा. सत्तर टक्के म्हटलेले दिवस वेगळे काढा. त्यांतल्या दहापैकी साताला पाऊस झाला का, ते बघा.

महिन्याअखेर हा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ‘न सांगता पडला’चा रकानाही त्यात असू द्या. लोक सगळ्यात आधी तोच वाचतील.