पाटा काढण्याआधी
पिपरी मेघेतून सावंगीच्या दवाखान्यात म्हाताऱ्या आईला जीपमधून नेणाऱ्याला एकच चिंता असते: गाडी फार आदळते. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरचा डांबरी रस्ता मग सपाट राहत नाही. त्यात जुन्या गाडीचे पाटे ओझं पेलायला बनवलेले, रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत. 2010 मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई मॉडेललाही मागे पाटेच होते. 2020च्या थारला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग मिळाल्या आणि फरक पाठीला कळला. जुनी गाडी असेल तर गॅरेजात हमखास सल्ला मिळतो, ‘एक पाटा काढून टाका.’ मला तो अजिबात पटत नाही. पाटा काढला की गाडी खाली बसते, मागे चार माणसं बसली की एक्सल आपटतो आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येऊन तेही तुटतात. आधी टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा; ती जास्त भरलेली असेल तर निम्मा त्रास तिथेच आहे. मग पाटे उतरवून गंज घासा. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणून बारीक खड्ड्याचाही धक्का थेट सीटपर्यंत येतो. शॅकलचे झिजलेले बुश बदला, शॉकॲब्सॉर्बर तपासा. आणि पाटे पुन्हा बसवल्यावर गाडी थोडी चालवून यू-बोल्ट परत आवळून घ्याच. ते ढिले राहिले तर एक्सल जागेवरून सरकतो.