एकादशी, दुप्पट खाशी!

ही म्हण उगीच पडलेली नाही. महाशिवरात्रीला महाकालेश्वराच्या दर्शनासाठी उज्जैनला लाखोंची रीघ लागते. शिंद्यांच्या काळापासून तेथे वसलेल्या मराठी घरांतही त्या दिवशी उपवास असतो. पण तेथे काय, येथे काय, उपवास म्हणजे साबुदाणा, वेफर्स आणि तळलेले बटाटे! नाव महादेवाचे, खर्च तेलातुपाचा.

वास्तविक एक रताळे आणि थोडी फळे पुरेत. रताळे सालीसकट निखाऱ्यात किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजावे. सावकाश तापताना त्यातल्या पिठाची आपोआप साखर होते, वरून घालावी लागत नाही. मग सोलून फोडी कराव्यात, केळे, पेरू, संत्रे मिसळावे, लिंबू पिळावे. झाले!

कोणी म्हणेल, हे गरिबाचे खाणे. मराठीत रताळे, हिंदीत शकरकंद, कन्नडमध्ये गेणसु असलेला हा कंद मूळचा अमेरिका खंडातला. त्या परक्याला आपण सोवळ्यात घेतले, मग त्याच्या साधेपणाचेच वावडे का?

आम्हा कॉमर्सवाल्यांना एवढे कळते: उपवासाचा खर्च रोजच्या जेवणाहून जास्त होत असेल, तर हिशेब कुठेतरी चुकतो आहे.