विम्याचा हप्ता आणि उपचाराचा दर

नागपूरची रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली या वस्त्यांत खासगी रुग्णालये, निदान केंद्रे आणि औषधांची दुकाने यांची दाटी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाटहूनही रुग्ण येथे आणले जातात. आजार कोणता, या प्रश्नाच्या जोडीने ‘मेडिक्लेम आहे का’ हा प्रश्न येथे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर खोली, अनामत रक्कम व नातेवाइकांची धावपळ ठरते. अलीकडच्या काळात विमा कंपन्यांविषयी जो संताप व्यक्त होतो, त्याचा उगम या खिडकीशी आहे. या संतापाला एका बाजूने ‘अटी न वाचणाऱ्यांचा कांगावा’ म्हटले जाते, तर दुसऱ्या बाजूने कंपन्यांना वेसण घातली की सारा प्रश्न सुटेल, असे मानले जाते. ही दोन्ही मते अपुरी आहेत. संताप न्याय्य आहे, परंतु त्याचा रोख अर्ध्याच कारणावर आहे. उरलेले अर्धे कारण उपचाराच्या अनिश्चित दरात आहे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला, १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्यानंतर खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. रुग्णालय आणि कंपनी यांच्यामध्ये दावे तपासणारी जी मध्यस्थ संस्था असते, ती म्हणजे त्रयस्थ प्रशासक, लोकांच्या तोंडी ‘टीपीए’. कंपनीशी करार केलेल्या रुग्णालयात रुग्णाने स्वतः पैसे न भरता कंपनीने परस्पर बिल चुकते करणे म्हणजे ‘कॅशलेस’. अन्यत्र आधी बिल भरून नंतर त्याची परतफेड मागावी लागते. प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये कंपन्यांपुढे असलेल्या सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांच्या आरोग्य दाव्यांपैकी सुमारे ८३ हजार ५०० कोटी रुपये, म्हणजे दर १०० रुपयांमागे ७१ रुपये, अदा झाले आणि सुमारे १५ हजार १०० कोटी रुपये विविध अटींचा आधार घेऊन अमान्य करण्यात आले. वर्षानुवर्षे हप्ता भरणाऱ्याला नेमक्या संकटसमयी हा वजाबाकीचा हिशेब समजत असेल, तर त्याच्या रागाला कांगावा म्हणता येत नाही.

कंपन्यांच्या वतीने केला जाणारा पहिला युक्तिवाद असा की, ग्राहकाने करारपत्र नीट वाचले असते तर गैरसमज झाला नसता. हा युक्तिवाद काही अटींपुरता खरा आहे. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, जो २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला गेला, तो वाचून कळतो. परंतु दाव्यातून रक्कम कापताना ज्या कलमाचा आधार वारंवार घेतला जातो, ते ‘वाजवी आणि रूढ खर्चा’चे कलम कितीही बारकाईने वाचले तरी उलगडत नाही, कारण रामदासपेठेत एखाद्या शस्त्रक्रियेचा रूढ खर्च किती, हे सांगणारा कोणताही सर्वमान्य दरफलक अस्तित्वात नाही. ज्या मापाने ग्राहकाचे बिल मोजायचे ते माप कंपनीच्या हाती आहे आणि ग्राहकाला ते आधी दाखविले जात नाही. खोलीभाड्याच्या मर्यादेचेही तसेच आहे. विम्यात रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये असताना रुग्णाने १०,००० रुपयांची खोली घेतली, तर भाड्यातील फरकाबरोबरच खोलीशी निगडित इतर आकारही निम्म्यावर आणले जातात. यास प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, रोपणसाहित्य व तपासण्या या कपातीतून वगळल्या गेल्या असल्या, तरी शल्यक्रियेचे शुल्क खोलीच्या दर्जानुसार का बदलावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर विमा करारात सापडत नाही, कारण तो प्रश्न रुग्णालयाच्या दररचनेचा आहे.

दुसरा युक्तिवाद खोट्या दाव्यांचा. बनावट दाखले, गरज नसताना भरती, फुगविलेली बिले हे प्रकार घडतात, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि त्यांचा भार अखेर प्रामाणिक विमाधारकाच्या हप्त्यावरच पडतो. तथापि, लबाडी शोधणे आणि प्रत्येक दाव्याकडे लबाडी म्हणून पाहणे यांत अंतर आहे. गोळा झालेल्या हप्त्यांच्या १०० रुपयांमागे किती रुपये दाव्यांपोटी गेले, हे सांगणारे दावा-प्रमाण २०२३-२४ मध्ये सार्वजनिक कंपन्यांत १०३ च्या घरात, तर केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांत सुमारे ६५ होते. सार्वजनिक कंपन्यांकडे स्वस्त सामूहिक विम्याचा वाटा मोठा असल्याने ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य करूनही, लबाडीमुळे आपण बुडत आहोत असा आक्रोश ६५ च्या घरात असणाऱ्यांना शोभत नाही. शिवाय फुगविलेले बिल ओळखायचे तर न फुगविलेले बिल किती असते, हे निश्चित असावे लागते. दरांचा अंधार हा लबाडीलाही सोयीचा आणि कपातीलाही सोयीचा आहे.

आता दुसऱ्या टोकाचे मत. कंपन्या लुटारू आहेत, सबब विमाच घेऊ नये, असा सल्ला संतापाच्या भरात दिला जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, प्रसूती वगळता एका वेळच्या रुग्णालयवासाचा देशातील सरासरी खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला होता. हा सातपट फरक एकट्या कुटुंबाने पेलण्यापेक्षा अनेकांनी मिळून पेलावा, हे विम्यामागचे तत्त्व समाजहिताचे आहे आणि कंपन्यांच्या वर्तनामुळे ते तत्त्व खोटे ठरत नाही.

केवळ हप्ता कमी करून प्रश्न सुटेल, ही समजूतही टिकत नाही. नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून विमा हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर मागे घेण्याची मागणी केली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विमा या करातून मुक्त झाला. हा निर्णय योग्यच होता. पण पूर्वी करासह ११८ रुपये भरणाऱ्याचा हप्ता १०० रुपयांवर आला आणि तो दर वर्षी १० टक्क्यांनी वाढला, तर दोनच वर्षांत तो १२१ रुपये होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात १० टक्क्यांहून अधिक वार्षिक वाढ पूर्वसंमतीशिवाय करू नये, असे प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले; याचा अर्थ १० टक्क्यांपर्यंतची वाढ मोकळीच आहे. उपचाराचा दर चढता राहिला तर करमाफीचा दिलासा असा विरून जातो.

येथे वैद्यकीय व्यावसायिकांचा पक्ष पुढे येतो: शासनाने दर ठरविले तर लहान रुग्णालये बंद पडतील. या वादाची ठळक नोंद नागपुरातच झालेली आहे. कोरोनाकाळात, मे २०२० मध्ये, राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर निश्चित केले आणि त्यांची व्याप्ती कोरोना नसलेल्या रुग्णांपर्यंतही नेली. नागपूरच्या हॉस्पिटल्स असोसिएशनने त्यास आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनाबाह्य रुग्णांपुरती ती अधिसूचना रद्द ठरविली. हा निकाल दरनिश्चितीच्या कल्पनेविरुद्धचा कौल म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचा गाभा वेगळा आहे: साथरोग व आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यांखाली शासनाला असा अधिकार मिळत नाही, हा तो गाभा. म्हणजेच विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्याचा मार्ग या निकालाने बंद झालेला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही; १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याचे बंधन आले, पण दर किती असावेत, याबाबत ते नियम मौन पाळतात.

दरनिश्चितीने रुग्णालये बुडतात, हे अनुभवाशीही जुळत नाही. विमा कंपन्या करारातील रुग्णालयांशी ठरावीक दर आधीच बांधून घेतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दर वेगळे ठरलेले आहेत. एकाच शस्त्रक्रियेचे असे चार दर एकाच इमारतीत नांदत असताना, ज्याच्यामागे कंपनी नाही, सरकार नाही आणि घासाघीस करण्याची ताकदही नाही, त्या रुग्णाला खुला दर भरावा लागतो. दर ठरतातच, ते ठरविताना रुग्ण तेवढा हजर नसतो. जपानमधील बहुसंख्य रुग्णालये खासगी असूनही १९६१ पासून तेथे सर्वांना आरोग्य विमा आहे, कारण उपचारांचे देशव्यापी दरपत्रक दर दोन वर्षांनी सुधारले जाते. उलट अमेरिकेत श्रीमंती अफाट असूनही दरांची वाटाघाट प्रत्येक कंपनीवर सोडलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका बड्या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तेव्हा निषेधाबरोबरच विमा व्यवस्थेविरुद्धचा साचलेला द्वेषही उफाळून आला. हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. पण दाद मागण्याचे सनदशीर मार्ग निरुपयोगी वाटू लागले की समाजाचा विवेक किती ढळतो, हे त्यातून दिसते.

शासकीय विमा योजना हा पूर्ण पर्याय आहे, असेही म्हणता येत नाही. फुले योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा २०२३ चा निर्णय मोलाचा आहे. मात्र ही योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांत बाह्यरुग्ण तपासणीवर आणि रोजच्या औषधांवर होणारा खर्च तिच्याबाहेर राहतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट खिशातून करत होते. हा खर्च कमी करण्याचे सामर्थ्य विमापत्रात नाही; ते चालू बाह्यरुग्ण विभागात आणि भरलेल्या औषधभांडारात आहे.

या विवेचनातून तीन गोष्टी प्रतिपादन करता येतात. पहिली, राज्याने कायदा करून प्रमाणित उपचारांचे दरपट्टे ठरवावेत. त्यांत रुग्णालयाचा आकार आणि शहराचा खर्च विचारात घ्यावा, ते ठरावीक मुदतीने सुधारावेत आणि शासकीय योजनांची देणी वेळेवर द्यावीत, कारण थकलेली बिले ही लहान रुग्णालयांची रास्त तक्रार आहे. दुसरी, दाद मागण्याची सोय रुग्णाच्या जवळ आणावी. कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, तसेच पुनर्विलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारू नये, असे प्राधिकरणाचे मे २०२४ चे परिपत्रक सांगते. पण ते पाळले न गेल्यास विदर्भातील विमाधारकाचे प्रकरण पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी विनाशुल्क ऐकणाऱ्या या यंत्रणेचे कार्यालय नागपुरात असणे हा विदर्भाचा हक्क आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नागपुरातील ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या सार्वजनिक संस्थांना मनुष्यबळ, औषधे आणि यंत्रसामग्री यांनी सक्षम करावे. रुग्णापाशी विश्वासार्ह दुसरा पर्याय असला, तरच रामदासपेठेतील दराला मर्यादा पडते.

यावर पैसा कोठून आणायचा, हा आक्षेप अपेक्षित आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, महासाथीच्या काळातही, तो १.८४ टक्केच होता. वचन शासनाचे होते आणि त्याची तूट नागरिक हप्ता, अनामत आणि कर्ज या रूपांनी भरून काढत आहे. म्हणून विमा कंपनीला जाब विचारणाऱ्या प्रत्येकाने तोच जाब उपचाराचा दर जाहीर न करणाऱ्या रुग्णालयाला आणि तो ठरविण्याचा कायदा न करणाऱ्या विधिमंडळालाही विचारला पाहिजे.