पूर्वजांची वाट आणि घरची वही

नगरहून पुण्याकडे जाणारा रस्ता सुप्यावरून जातो. पारनेर तालुक्यातील हा मुलूख कमी पावसाचा. दुष्काळ पडला की ज्यांच्या वाट्याला जमीन नाममात्र आणि वतनाची वेठ मात्र बारमाही, ती महारवाड्यातील माणसे गाव सोडीत. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांत त्यांनी घाम गाळला व चाळीच्या एका खोलीत दोन-दोन संसार थाटले. आज त्यांची पणतवंडे शहरात शिकत आहेत. परंतु आपला पणजोबा कोणत्या गावचा आणि त्याने ते गाव का सोडले, असे त्यांस विचारले तर किती जणांस उत्तर देता येईल?

काही बांधव म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्ही नवा जन्म घेतला; जुन्या अपमानाची उजळणी आता कशाला? हा विचार आम्हांस मान्य नाही. दीक्षाभूमीवर आपण देव सोडले, रूढी सोडल्या. आईबापांचे कष्ट सोडले नाहीत. वेसकराची काठी ज्याने खांद्यावर वाहिली, तो आपलाच आजा होता. १९५८ च्या कायद्याने ते वतन रद्द झाले, पण त्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. आपण कशातून सुटलो हे ज्यास ठाऊक नाही, त्यास सुटकेचे मोल कसे कळणार?

शिवाय हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे, हक्काचा आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. परंतु महाराष्ट्रात जातीचा दाखला मागताना १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, गावच्या जन्ममृत्यूची नोंद, यांचाच आधार असतो. गावाचे नाव व आजोबांचे शाळेतील नाव घरात कोणासच आठवत नसेल, तर तो उतारा शोधावा तरी कोठे? विस्मरणाची किंमत मग नातवास मोजावी लागते.

सुप्याहून पुण्याकडे निघाले असता याच रस्त्यावर, भीमेच्या काठी, कोरेगावचा स्तंभ लागतो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतील कित्येकांच्या शेवटी 'नाक' आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले होते. शिपायांची नावे दगडाने जपली. डोक्यावर गाठोडे घेऊन मुंबईस गेलेल्या आपल्या आजीचे नाव कोणता दगड जपणार? चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी घरोघरी जाऊन गोळा केल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ झाला. प्रत्येक घरी कोणी लेखिका येणार नाही. ते काम घरच्यांनीच करावयाचे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच की, येत्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांभोवती बसा. मुलांच्या हाती वही द्या. गाव, तालुका, आजोबा-आजींची नावे, गाव सोडल्याचे साल व कारण, पहिले काम, पहिली खोली, दीक्षा कोठे घेतली, हे सारे लिहून घ्या. लाजिरवाणे वाटेल तेही लिहा. लाज अन्याय करणाऱ्यांची, सोसणाऱ्यांची नव्हे. जुने कागद त्याच वहीत जपून ठेवा. सांगणारी माणसे वयाने थकली आहेत. उद्यावर ढकलू नका.